डाव्या बाजूचे दिवे

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरी हकीकत पुढे.

तुमच्या धाकट्या बंधुराजांना तुम्ही ओळखताच. हातात कात्री आली की समोरच्याचा चेहरामोहरा बदलून टाकतील, पण स्वतःचं मत बदलणार नाहीत. गेले काही महिने यांच्या दुकानात डावीकडे जे काही असेल त्याची धडगत नव्हती. चहाचा कप ठेवला की कोपर लागून आडवा. पावडरचा डबा आडवा. दाराच्या चौकटीवर खांदा तर इतका आपटायचा, की शेवटी मी (चौकटीच्या काळजीने) तिथे फडकं गुंडाळलं. इस्त्रीवाला डावीकडच्या बाकावर मुकाट बसून राहिला आणि यांनी त्याच्यामागून आलेल्या दोघांच्या दाढ्या उरकल्या. तो जो फणकाऱ्याने उठून गेला, तो हल्ली दाढी वाढवून हिंडतो. चूक अर्थातच प्रत्येक वेळी दुसऱ्याची. कप काठावर कुणी ठेवला? चौकट मुळातच अरुंद आहे. आणि इस्त्रीवाल्याला खाकरायला काय झालं होतं? मी डोळ्यांचा विषय काढला की हे सुईत दोरा ओवून दाखवायचे. एका झटक्यात! (वर माझ्याकडे बघायचे, म्हणजे आता बोल.) ओवलेल्या सुईपुढे बायको काय बोलणार?

मग एक दिवस शाळेतले गुरुजी दाढीला आले. हे वस्तरा घेऊन डावीकडे वळले, आणि गुरुजी नेमके तिथेच पंख्याचं बटण दाबायला उठलेले. वस्तऱ्याने त्यांच्या बाहीचं बटण उडवलं. फक्त बटण, वन्सं. गुरुजी हसले, पण हे घरी येऊन जेवले नाहीत. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा यांनी सुई मागितली नाही.

दवाखान्यात मात्र पुन्हा ताठ. अक्षरांचा तक्ता पार खालच्या मुंग्यांएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नापास झाले. मी पिशवी उचललीसुद्धा. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, डोळ्यातला दाब बघू. तो बघितल्यावर त्यांनी यांना एका पांढऱ्या, घमेल्यासारख्या मशीनपुढे बसवलं. एक डोळा झाकायचा, नजर समोर ठेवायची, आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे बसून टकटक ऐकत होते. डाव्या डोळ्याच्या वेळी मध्येच टकटक थांबायची, ती लवकर सुरूच व्हायची नाही.

हे उठले आणि मशीन चालवणाऱ्या बाईंना समजावू लागले, "बाई, तुमचे डाव्या बाजूचे दिवे गेलेत. बदलून घ्या. नाहीतर पेशंटला उगाच वाटायचं, आपला डोळाच बिघडलाय."

त्या बाई हसल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच जागी बसवलं. वन्सं, सगळे दिवे लागत होते. मी बटण दाबत होते, आणि ती टकटक आता यांना ऐकावी लागत होती. इतकं जड बटण मी जन्मात दाबलेलं नाही.

काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसतं, आणि नजर कडेने कुरतडली जाते. गेली ती परत येत नाही. उरलेली औषधाने राखता येते. म्हणून काही होत नसलं तरी डोळे नेमाने तपासून घ्यायचे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यावर हे नुसतं "बरं" म्हणाले. लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता रोज थेंब घालायचे असतात. दिवसभर गिऱ्हाइकांना "हलू नका" म्हणून दटावणारा माणूस बाटली दिसताच डोळे असे घट्ट मिटतो, की निम्मं औषध मिशांनाच मिळतं. (मिशांची नजर उत्तम आहे.) दुकानात वळताना आधी मान, मग हात, अशी सवय लावून घेतलीय. दिसतं मोरासारखं, पण गुरुजी पुन्हा यायला लागले.

तुमची,
भावजय

ता. क. हा आजार सख्ख्या भावंडांतही असू शकतो म्हणे. तुमची नजर तेज आहे हे मला ठाऊक आहे, माझा पहिला पांढरा केस तुम्हीच दुरून हेरला होतात. पण मी येत्या सोमवारची तुमची वेळ घेऊन ठेवली आहे. रागवायचं ते तपासणी झाल्यावर रागवा.

ता. क. २ ताई, मी लिहितोय. ही चहा टाकायला उठलीय. हिने सगळं गमतीत लिहिलंय. दिवे गेलेत असं म्हणालो ना, तेव्हाच मला आतून कळलं होतं. फार घाबरलो होतो गं. तू एकटी येऊ नकोस, मी न्यायला येतो.