मावशीच्या गाठीची काच

४ फेब्रुवारी
चुका झाल्या तर माफ करा. एकाच बोटानं टाइप करते, लय वेळ लागते, अन् शाळा नववीतच सुटली. लॅबमधल्या चारुताताई म्हणाल्या, रोज जे शिकशील ते मोबाइलमध्ये लिहून ठेव. आज वलगाववरून अकोल्याले आली, कामाले. दुर्गामावशीकडं राहीन. तिनं आल्या आल्या रोडगे वाढले अन् म्हणाली, खाय व, नाई तं लॅबमध्ये काडीची बाहुली उभी केली असं वाटन लोकायले. लॅब दोन गल्ल्या पुढं. तिथं गाठीचे तुकडे मेणात बसवतात, एकदम पातळ कापतात, काचेवर चिकटवून गुलाबी-जांभळा रंग देतात. मले आवडलं. कोणाशी बोलाच लागत नाई.

६ फेब्रुवारी
लॅबचे डॉक्टर उद्धव सर, त्यांनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. चरबीची साधी गाठ साबणाच्या फेसावानी, पोकळ गोल-गोल. वाईट गाठीत पेशी लांबुळक्या, चटईवानी विणलेल्या, मधात काळे वाकडेतिकडे ठिपके. काही तर एकीच्या दोन होता होता थांबलेल्या. सर म्हणाले, भेऊ नको, काचेवरचं सगळं मेलेलं हाय.

१० फेब्रुवारी
मावशीच्या मांडीत जुनी गाठ होती. ऑपरेशन करून काढली, ते तपासाले आपल्याच लॅबमध्ये आली. नारळाएवढी, पिवळी. सर कापून राहिले होते, मी डब्या धरल्या. एका कोपऱ्यात पांढरा टणक डाग होता. सरांचा फोन सारखा वाजे. त्यांनी घाईत पिवळ्यातलेच तुकडे घेतले. मले सांगायचं होतं. तोंडच उघडलं नाई. उरलेली गाठ बरणीत ठेवली.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला, साधी चरबी. मावशी शेजारणीले सांगे, मांडीत लोणी साठलं होतं माय, डॉक्टरनं काढून घेतलं. सगळे हसले. मी नाई.
दुपारी मावशीच्या गाठीची काच पाहिली. सगळा फेस. काठाले एकच लांबुळकी पेशी. सर करतात तसा तिच्यापुढं पेनानं ठिपका केला.

१७ फेब्रुवारी
आज नऊ मोजल्या. ठिपक्याच्या पल्याड गेल्या. चारुताताईले विचारलं, मेलेलं वाढते का. त्या म्हणाल्या, जेवली का तू पोरी?

१९ फेब्रुवारी
अर्धी काच चटई झाली. एक पेशी मधातून दबली, अन् दोन झाल्या. माह्या डोळ्यासमोर. बरणीतली गाठ झाकणाले टेकली हाय —

२२ फेब्रुवारी
मावशी म्हणे, टाक्याखाली परत कडक लागते. रिपोर्ट चांगला हाय म्हणून दाखवाले जात नाई. उद्या बसनं तिवस्याले लग्नाले चालली. मी सांगणार होती. तिच्यासमोर बसली. सांगितलं नाई. मी काहून अशी —

२३ फेब्रुवारी
सांगितलं. सरले. पांढरा डाग, सगळं. रागावले नाई. काच लावली, किती वेळ डोळाच काढला नाई. मग म्हणाले, मी पाहून रिपोर्ट दिला ते काच ही नवतीच.
बरणी तडकलेली. आत पिवळं काहीच नाई. सगळं पांढरं —

सर म्हणे, मावशीले बसमधून उतरव, आत्ताच्या आत्ता. फोन लावला. मावशीनं नाई उचलला. बाजूच्या सीटवरची बाई होती. रडे. म्हणे मांडी फुगून राहिली, पातळ फाटलं, अन् आतून काहीतरी —

फोन कटला. परत लावून राहिली. लागत नाई. परत —

वलगाववरून मेसेज आला. माह्या मोठ्या बहिणीले, प्रणालीताईले पोरगी झाली, पावणेतीन किलो, दोघी बऱ्या हायेत, म्हणे मावशीले पयले सांग अन् —