आपल्या घरची कावीळ

आई, आज मी ऑफिसात डब्यात तळलेला बांगडा नेला. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास, कारण ऑफिसच्या लेखी मला कावीळ झालेली.

कावीळ कसली गं. दारू सोडवायच्या केंद्रात होते. तू गेल्यावर कधीतरी सुरू झाली, बाबांसारखीच, फक्त मी पर्समधल्या पाण्याच्या बाटलीतून प्यायचे, कामावर बसून. निघताना केंद्रवाल्यांनी एक पुस्तिका दिली. तिच्यात नोकरीवर परतणाऱ्यांसाठी एक प्रकरण आहे. साहेबांना खरं सांगा म्हणे, आणि घरच्यांनी कामावर खोटी कारणं कळवू नयेत, त्याने पिणाऱ्याचं फावतं. वाचून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे लिहिणाऱ्याने माझ्या आईला बघितलेलं नाही.

आठवतं ना, मी शाळेत होते, घाटकोपरच्या खोलीत बाबा गोधडीत कुडकुडत बसलेत, प्यायला नाही म्हणून हात थरथरतायत, आणि तू मला दारात गाठून सांगतेयस, "कोणी इचारल्यान तर कावीळ झाली म्हणान सांग." कंपनीतही तसंच कळवलंस. मग ती कावीळ तुलाच सांभाळावी लागली. हळद बंद, तेल बंद आणि मासे तर बंदच, कारण बांगडा तळला की चाळभर वास जाणार. आपण सगळे पेज आणि उकडलेला दुधी खात बसलो. कंपनीतले दोस्त संध्याकाळी उसाचा रस घेऊन यायचे. एकाने तर मुलुंडहून काविळीची माळ आणली. ती डोक्यावर ठेवायची, आणि वाढत वाढत खाली उतरली की कावीळ गेली म्हणायचं. बाबांनी मुकाट्याने ठेवली. ती खरंच उतरायला लागली, तेव्हा तू पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन हसलीस. मी बघितलंय.

तर गेल्या आठवड्यात अंधेरीला कामावर परतले, आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, काय झालेलं तुला? पुस्तिका पर्समध्ये होती आणि तोंडातून निघालं, कावीळ. झालं! ती रोज स्टेशनबाहेरून माझ्यासाठी उसाचा रस आणायला लागली. सोयही होतीच. पार्टीत ग्लास पुढे आला की काविळीचं नाव घ्यायचं, कोणी आग्रह करत नाही. पण कावीळ बरी होते गं. मग लोक म्हणणार, आता घे थोडी, आणि तेव्हा मी नाही म्हणेन याची मला खात्री नाही. त्या विचाराने मी फार घाबरले.

म्हणून आज सकाळी खिडकी सताड उघडी टाकून बांगडे तळले. दुपारी डबा उघडला, तेव्हा मैत्रीण रसाची बाटली माझ्यापुढे ठेवत होती. थांबलीच. वेडी आहेस का, म्हणाली, काविळीत मासे?

"कावीळ नव्हती गं," मी म्हटलं. "दारू होती."

माझे कान तापले. मग तिने खुर्ची पुढे ओढली, माझ्या डब्यातली एक तुकडी उचलली, रस पी, गरम होईल, म्हणाली आणि काटे काढत बसली. साहेबांना उद्या सांगायचंय. ती सोबत येणार आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पुस्तिकेतच ठेवते, त्याच प्रकरणात. पुस्तिका चुकीचं सांगत नाही, आई. बाबा त्या खोट्याने सुटले नाहीत, कामावर गेले आणि परत सुरू झालं. पण तेवढे दिवस ते शुद्धीत घरी होते. माझ्या वेण्या घालायचे, वाकड्यातिकड्या. तुला कधी सांगितलं नाही, पण बाबांचा डोळा लागला की मी ती माळ हळूच परत वर, त्यांच्या कानांपर्यंत सरकवायचे.