दोन एजन्सी आणि एक खुबा

डुलूथ, मिनेसोटा
२ डिसेंबर

ती. लुएला मावशीस,
ट्विलाचा सा. न. वि. वि.

इथं थंडी अशी आहे की गाडीचं दार उघडायला केस वाळवायचं यंत्र न्यावं लागतं. इथला नर्सिंगचा करार नाताळाआधी संपतोय. पुढचे तेरा आठवडे मला लेक्सिंग्टनच्या त्याच हॉस्पिटलात काढायचेत, जिथं जानेवारीत तुझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. कुणी यायची गरज नाही असं तू दर पत्रात बजावतेस. बरं बाई. मी तुझ्यासाठी नाही, नोकरीसाठी येतेय असं समज. पण तू गुंगीतून डोळे उघडशील तेव्हा मला तिथं असायचंय, हेही लिहून ठेवते.

आता गंमत ऐक. त्या जागेसाठी नर्स पुरवणाऱ्या दोन एजन्सी माझ्या मागे लागल्यात. हॉस्पिटल तेच, वॉर्ड तोच, पाळी तीच. पगार मात्र वेगळा, कारण मधलं लोणी कोण किती खातं यावर सगळं. एका एजन्सीची केल्सी म्हणाली, आठवड्याला एकोणीसशे डॉलर. दुसरीचा ब्रँडन म्हणाला, दोन हजार. तो आकडा केल्सीच्या कानावर घातला, तर ती लगेच एकवीसशेवर आली आणि वर म्हणते, मी तिला घरच्यासारखी आहे. घरच्यासारखी होते तर आधीच द्यायचे ना! नीट वाचलं तर बाईनं प्रवासखर्च गुपचूप काढून टाकलेला. तो परत घातला की तिला होकार देऊन टाकते. तोवर ब्रँडनला झुलवत ठेवलंय.

गुडघ्यावर बसून परसातलं काही उपटत बसू नकोस. कळावे. बाकी काही कमी केलंस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ट्विला


सॉमरसेट, केंटकी
९ डिसेंबर

चि. ट्विलास,
लुएलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की खुबा दुखला. पोरी, तू माझीच भाची! मी उभा जन्म गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात घालवला. विकणाऱ्यानं कधी घाई करू नये, आणि एकटं गिऱ्हाईक कधी भाव चढवत नाही, एवढ्या दोनच गोष्टी तिथं शिकले.

म्हणून तुझं एक काम मी परस्पर करून टाकलंय. तुझा कायमचा पत्ता माझाच असल्यामुळे त्या ब्रँडनचा फोन इथं आला. पोरगं गोड बोलतं, मला प्रत्येक वाक्याला मॅडम म्हणत होतं. ट्विलाचं नाव लेक्सिंग्टनला पाठवू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाठव की, आणि भाव चांगला लाव. आता दोघं समोरासमोर उभे राहू देत, मग बघ कसे चढतात.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी आपापल्या घरून जेवण आणलं होतं. मी बीन्स आणि मक्याचा कॉर्नब्रेड नेला. तिथल्या बर्निसनं काठी धरायचा सल्ला दिला, तो मी तिलाच परत केला.

माया आहे तशीच राहू दे, पत्र मात्र लांब लिही.

तुझी,
लुएला मावशी


डुलूथ
१५ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस आणि मुख्य म्हणजे स्वतःवर रागावू नकोस. लेक्सिंग्टन गेलं. केल्सीनं प्रवासखर्च परत घातला, मी होकार दिला, तिनं नाव पाठवलं. आणि तुझ्या शब्दावर ब्रँडननंही पाठवलं. आमच्या धंद्यात एकाच नर्सचं नाव दोन एजन्सींकडून गेलं की हॉस्पिटल त्यांच्या भांडणात पडत नाही. दोन्ही अर्ज बाजूला ठेवतं आणि दुसऱ्याच नर्सला बोलावतं. गुरांच्या बाजारात गिऱ्हाइकं वाढली की भाव चढतो, इथं गायच बाजाराबाहेर काढतात. मी रडले, खोटं कशाला बोलू? तुझ्यावर चिडलेसुद्धा, संध्याकाळपर्यंत. ब्रँडननं मला न विचारता हे केलं, त्याचं मी बघून घेते.

त्यानं भरपाई म्हणून देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं सिएटल देऊ केलं, आठवड्याला अठ्ठावीसशे. केल्सीकडे नॉक्सव्हिल होतं, अठराशे. मी नॉक्सव्हिल घेतलं. पैशांसाठी अजिबात घासाघीस केली नाही, उलट शंभर सोडले. मागितलं ते एवढंच की तुझ्या ऑपरेशनचा आठवडा सुट्टीचा म्हणून करारातच लिहून द्या. आम्हा फिरत्या नर्सांना करारात नसलेली सुट्टी कुणी देत नाही. केल्सीनं मला बरं नाहीये का, असं विचारलं.

नॉक्सव्हिलहून लेक्सिंग्टन गाडीनं तीन तासांच्या आत. तू नको म्हण, मी येणार.

लोभाची घासाघीस करू नकोस, पूर्ण दे.

तुझी,
ट्विला


सॉमरसेट
२० डिसेंबर

चि. ट्विलास,
आशीर्वाद.

नॉक्सव्हिलला राहणार म्हणून टेनेसीच्या फुटबॉल संघाचं ते नारिंगी काहीतरी अंगात घालून आलीस, तर दारातूनच परत पाठवीन; हे घर केंटकीच्या संघाचं आहे. हे आधी सांगून ठेवते.

आता तुझ्यापासून काही लपवत नाही. तुझं पत्र पोचण्याआधी ब्रँडनचा फोन आला होता. त्यानं लेक्सिंग्टनचं सांगितलं, सिएटलचा आकडाही सांगितला. मी फोन ठेवला आणि हॉस्पिटलला कळवून माझं ऑपरेशन रद्द करून टाकलं. म्हटलं, पोरगी सिएटलला जायला मोकळी होईल. लंगडत का होईना, मला चालता येतं.

मग तुझं पत्र आलं. इतके लिलाव पुकारले, पण आपलाच भाव खाली आणणारं जनावर कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात बसून रडले. मला भीती वाटते, ट्विला. फार वाटते. येऊ नको असं लिहायचे, कारण तू आली नसतीस तर मीच नको म्हटलं होतं असं सगळ्यांना सांगता आलं असतं.

आज सकाळी पुन्हा हॉस्पिटलला फोन लावला. तारीख अजून रिकामी होती, तीच मिळाली. तिथल्या बाईनं विचारलं, सोबत कोण असेल? मागच्या वेळी मी कुणी नाही असं सांगून मोकळी झाले होते. आज तुझं नाव सांगितलं. तिला एकदा सांगताच नीट ऐकू गेलं होतं, तरी मी ते पुन्हा एकदा सांगितलं.

माया उतू चाललीय, लवकर ये.

तुझी,
लुएला मावशी