वजा दोन

३ मार्च

तालमीत गाण्यातला दुसरा ‘थांब’, तो वरचा सूर, लागला. सहज! मान न ताणता, घसा न खाकरता, जिना उतरावा तसा. अकरा वर्षांनी. ड्रमवाला हात थांबवून म्हणाला, “बाई, इतकी वर्षं लपला होतात कुठे?” घरी आले तरी गुणगुणतच होते. किल्ली हातात घेऊन दारातच उभी.

अठ्ठावीसला कार्यक्रम. गळ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला. शेवटी तेच गाणं, ज्याने चोविसाव्या वर्षी मला नाव मिळवून दिलं. अजून लोक औषधांच्या दुकानात अडवतात. “तुम्ही त्याच ना? ‘थांब, थांब’वाल्या?” त्याच.

४ मार्च

आजही लागला.

८ मार्च

शाळेतल्या सिस्टरनी घोटवून घेतलेल्या अक्षरात लिहितेय, समास सोडून. तरी पेन कागद फाडतंय.

दादाच्या कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर तीन आठवडे रुमाल असतो. मी विचारलं होतं. “धूळ बसते.” माझा हा भाऊ उभ्या जन्मात धुळीला घाबरला नाही. पण सत्तरीत माणसाला नवी खुळं लागतात, असं म्हणून मी सोडून दिलं. आज चहाचा कप ठेवायला गेले आणि रुमाल घसरला. पडद्यावर आकडा – वजा दोन.

कीबोर्डला असं एक बटण असतं. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, पण गाणं खालच्या पट्टीत वाजतं. वजा दोन म्हणजे दोन पट्ट्या खाली. म्हणजे माझा गळा परत आला नव्हता. गाणंच खाली वाकून माझ्यापर्यंत आलं होतं – लहान मुलाच्या हाताला यावा म्हणून डबा खालच्या फळीवर ठेवतात, तसं.

“मला काय दूधखुळी समजलास?”

“चिमे, झाकली मूठ होती. तू कशाला उघडलीस?”

“गिटारवाल्याला माहीत होतं?”

गिटारवाला तारा पुसायला लागला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच खुशीत! शिंप्याच्या दुकानावरची ती तालमीची खोली, भिंतींना उभ्या केलेल्या जुन्या गाद्या, आणि मध्ये मी. एकसष्ट वर्षांची बाई, पहिला नंबर आल्यासारखी हसणारी.

“तू आनंदात गात होतीस,” दादा म्हणाला. “तो मोडायला माझा हात धजला नाही.”

दया! ती भिकाऱ्याला दे म्हटलं, आणि जिना उतरले. छत्री तिथेच राहिली.

९ मार्च

झोप नीट नाही. सकाळपासून शाळा आठवतेय. चॅपलमधला गार दगड, मेणाचा वास, सिस्टरच्या हातातला नादकाटा, कायम एकच सूर देणारा. गुडघ्यावर आपटायच्या, आमच्या कानाशी धरायच्या. “हा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.” आमच्या वरच्या मजल्यावरच्या खलाशाच्या परदेशी तबकड्या ऐकून मी भजनात डोलायला लागले, तेव्हा ओळीतून बाहेर काढलं. मी म्हटलं, सिस्टर, ह्या गाण्यांना सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्माच ना?

“आत्म्याला कंबर नसते, मुली.”

पण शाळा सोडताना तो काटा मलाच दिला.

हॉटेलांच्या डान्स फ्लोअरवर सहा वर्षं दुसऱ्यांची गाणी गायले. दादा पियानोवर. लोक नाचायचे, आमच्याकडे पाठ करून. मग काळा चष्मा आला. निर्माता. खोलीतही चष्मा काढायचा नाही. रेकॉर्डसाठी मला घेतलं, दादाला नाही. स्टुडिओतले वादक आपले, म्हणाला. रेकॉर्ड आल्यावर ऐकून ऐकून दादाने गाणं बसवलं.

रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा आई भांडी घासत होती. “ही कोण गं? तुझ्यासारखीच गाते. वयाने लहान दिसते.” आम्ही किती हसलो!

स्टेजवर मात्र पहिल्या दिवसापासून ते गाणं अंगावर यायचं. पहिल्या तालमीत मी म्हटलंही, हे उंच जातंय, मी हे ह्या काट्याच्या सुरात गायले होते. काळ्या चष्म्याने काटा हातात घेऊन बघितला. “गंजलाय बाई तुमचा काटा. आणि तुम्ही घाबरलाय.” सगळे हसले. मीही. काटा ड्रॉवरमध्ये गेला.

मग पंचवीस-सव्वीस वर्षं, आठवड्यातून तीन-चारदा, तो दुसरा ‘थांब’. घशात गाठी झाल्या. डॉक्टर ओरडला, “पेलत नाही ते ओझं रोज उचलता कशाला?” काय सांगणार? माझंच गाणं, आणि मलाच पेलत नाही.

१२ मार्च

गेले. दादाने काही विचारण्याआधी सांगितलं, “शून्यावर घे.”

“चिमे –”

“शून्य.”

घेतलं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या ‘थांब’वर आवाज कपड्यासारखा फाटला. ड्रमवाला बुटांच्या नाड्या बघत राहिला. परत घ्या म्हटलं. परत फाटला. तिसऱ्यांदा दादाने हातच उचलले. “मी नाही वाजवत. गळा कापून घ्यायचा असेल तर दुसरा वाजवणारा बघ.”

“तुला रेकॉर्डवर घेतलं नाही ना, त्याचा राग काढतोयस तू.”

असं बोलले मी. सदतीस वर्षं जे त्याने तोंडातून काढलं नाही, ते मी त्याच्या तोंडावर मारलं. त्याने कीबोर्डवर रुमाल पसरला, नीट, चारी कोपरे ओढून.

घरी येऊन ड्रॉवरमधून काटा काढला. कुणावर तरी ओरडायचं होतं. पर्समध्ये टाकला, कचऱ्यात टाकवेना म्हणून.

१३ मार्च

हॉलच्या मॅनेजरला पत्र लिहिलं. प्रकृतीच्या कारणास्तव. खोटंच. प्रकृती ठणठणीत आहे, फक्त मी संपलेय. खालच्या पट्टीत गाऊन लोकांना माझीच नक्कल विकणार नाही. पत्र पाकिटात घातलं. तिकीट नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी काळा चष्मा गेला. शोकसभेत मला बोलायला लावलं. मी म्हटलं, “त्यांनी मला आवाज दिला.” टाळ्या झाल्या. आवाज दिला तो त्याने आणि टिकवता आला नाही तो मला. सरळ हिशोब आहे. मग राग कुणावर येतोय इतका?

१५ मार्च

रेकॉर्ड कंपनीतल्या मुलीचा फोन. आमच्या जुन्या टेपा साफ करून पुन्हा काढताहेत. ही दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. नवी गाडी घेतल्यासारखी उत्साहात बोलत होती. “मॅडम, तुमच्या गाण्याची मूळ टेप सापडली. पण काहीतरी विचित्र आहे. तुम्ही येऊन ऐकाल का?”

म्हटलं, खूप ऐकलंय मी ते.

“हे नाही ऐकलंत.”

फोन ठेवला. उद्धटासारखा.

१७ मार्च

दादा खाली येऊन गेला. वर आला नाही. वॉचमनकडे माझी छत्री ठेवून गेला, वाळवून, घडी घालून. ह्या माणसाशी नीट भांडतासुद्धा येत नाही!

पत्र अजून टेबलावर.

१९ मार्च

हेडफोनवालीचा पुन्हा फोन. जाईन म्हटलं. तिची कटकट तरी संपेल.

२० मार्च

हेडफोनवालीने मूळ टेप लावली. “मशीन तीनदा तपासलं, मॅडम. रेकॉर्ड काढताना टेप जास्त वेगाने पळवलीय. पळवली की गाणं नाचायला जलद होतं, पण आवाजही वर चढतो. बरोबर दोन पट्ट्या.”

गाणं संपलं तरी तेव्हा टेप चालूच राहिली होती. काळा चष्मा बोलतोय. “छान आहे, पण बाई वाटते. मला पोरगी हवीय. पळव.” कुणीतरी विचारतं, “तिला सांगायचं?” “कशाला? गाईल की.”

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का बरं?

पर्समधला काटा गुडघ्यावर आपटला. दुसरा ‘थांब’ त्याच्यावर अचूक बसला. चोवीस वर्षांची मी, माझ्याच आवाजात, माझ्याच पट्टीत.

तिथूनच दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अठ्ठावीसला मग वजा दोनच ठेवू ना, चिमे?”

म्हटलं, “ठेव. पण वजा म्हणू नकोस.”