रविवारचं तिसरं ताट

अहो गणितपंडित,

माझी सकाळपाळी आहे, लॅबला निघाले. दूध ओट्यावर ठेवलंय. तेवढं तापवून पोरीला द्या, त्यात डोकं लागत नाही.

शाळेनं एक गणित आईबापांबरोबर सोडवायला दिलं होतं. आपल्या घरी आठवड्याभराच्या रात्रीच्या जेवणाला किती ताटं लागतात? तिनं काल फरशीवर ताटं मांडून, बोटांवर मोजून पंधरा काढली. तुम्ही मोबाईलमधून मान वर केलीत, "तीन साते एकवीस!" म्हणालात, तिच्या वहीतल्या पंधरावर काट मारून एकवीस लिहिलंत आणि वर शेरा, "आईवरच गेलीय." काय ती विद्वत्ता! सात वर्षांच्या मुलीला "कसं काढलंस गं?" एवढं विचारायला तोंड झिजलं असतं का?

मी विचारलं. नाक पुसत म्हणाली, "रोज दोन, माझं नि तुझं. रविवारी बाबांचं तिसरं."

तुमचं एकवीस मी खोडलंय आणि तिचं पंधरा परत लिहिलंय. दप्तराला हात लावू नका. तिचं उत्तर चुकीचं ठरवायचीच एवढी हौस असेल, तर रोज रात्री घरी जेवायला या.