लेसारांच्या कप्तानाचा पणतू

९ सप्टेंबर १९५६, रविवार
लग्न ठरलं. युगेत लेसार हो म्हणाली. म्हणजे तिची आई हो म्हणाली आणि युगेतने ताटं उचलली. तारीख २४ नोव्हेंबर. त्यानंतर ॲडव्हेंट लागतो आणि नाताळ होईपर्यंत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत.
जेवताना तिचे वडील अल्सीद लेसार यांनी भिंतीवरची तलवार दाखवली. त्यांच्या आईचे वडील जोझेफ बोल्डुक मिलिशियाचे, म्हणजे गावच्या नागरी फौजेचे, कप्तान होते. मग मला विचारलं, तुम्हीही बोल्डुक ना, तुमच्या भिंतीवर काय आहे? मी म्हणालो, कॅलेंडर. सगळे बराच वेळ हसले. युगेत सर्वांत जास्त. स्वभाव खेळकर आहे तिचा.
संकल्प: लग्नाआधी आमच्या बोल्डुक घराण्याचा संपूर्ण इतिहास. शुद्धलेखनासह.

२३ सप्टेंबर
फादर वेरेंनी चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली दिली. बुटांच्या कारखान्यातून सुटलो की रोज तिथे. प्रगती उत्तम.
आई म्हणते, कशाला डोळे फोडतोस, एक्झिल्दाआजीला विचार. ती माझ्या आजोबांची बहीण. नव्वदीला टेकली आहे, नन लोकांच्या वृद्धाश्रमात असते, बसने अर्धा तास. मी आईला समजावलं की म्हाताऱ्यांच्या गप्पांतून इतिहास होत नसतो. आई म्हणाली, सातवी नापासांनी इतिहास शिकवू नये. मी नापास नव्हतो. बाबा आजारी पडले म्हणून शाळा सोडली. शुद्धलेखनात पहिला होतो. इथे नोंद असावी म्हणून लिहिलं.
युगेतला शनिवारी नाचाला जायचं होतं. मला वेळ नाही. ब्रेडच्या गाडीवाला रेआल नादो तिला घेऊन गेला. त्याच्या वाटेवरच आहे.

१४ ऑक्टोबर
सापडलं! आजोबांचा बाप्तिस्मा: ‘जोझेफ, जोझेफ बोल्डुक यांचा मुलगा.’ कप्तानही जोझेफ बोल्डुक, आणि काळही तोच. कप्तानाच्या पहिल्या बायकोचा मुलगा अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत गेला आणि त्याने पुन्हा पत्र टाकलं नाही, असं लेसार स्वतःच सांगतात. माझे आजोबा उतारवयात अमेरिकेतल्या गिरण्यांतूनच इथे परतले होते. आणखी काय पुरावा हवा? कप्तान माझे पणजोबा. सुवाच्य अक्षरात दोन प्रती काढल्या.

१५ ऑक्टोबर
फादर वेरेंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, युगेतही कप्तानाची पणती आहे, हे आलं का तुझ्या ध्यानात? एका पणजोबांची पतवंडं म्हणजे भावंडंच. बिशपची परवानगी आल्याशिवाय मला चर्चमध्ये लग्नाची घोषणा करता येणार नाही, आणि घोषणेशिवाय लग्न नाही.
मग हळूच म्हणाले, “तुला कुणी विचारलं होतं का रे? मी काही ऐकलंच नाही, असं धरू का?”
मी म्हणालो, नाही, सत्य ते सत्य. विसरू नयेत म्हणून एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

१६ ऑक्टोबर
युगेतला सांगितलं. रडेल अशी भीती होती. ती हसली आणि तिने स्वतःच्या आईला मिठी मारली. म्हणाली, बिशपना काही घाई करू नका म्हणावं. केवढा संयम! लेसारांनी पाठीत धपका घातला आणि म्हणाले, आता तर तू घरातलाच की. मला पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढलं.

२ डिसेंबर
ॲडव्हेंट लागला. परवानगी नाही. एका अर्थी बरंच झालं, वंशवृक्ष काळ्या शाईत काढायला सवड मिळाली. कप्तान मधोमध, मी उजवीकडे, युगेत डावीकडे. मध्ये बरीच जागा राहिली.
रेआल युगेतला गाडीतून गायनाच्या सरावाला नेतो. थंडीत तिचा घसा धरतो. आई म्हणाली, “तू मेलेल्यांचे संसार मांडत बस. जिवंत पोरगी ब्रेडच्या गाडीतून निघाली.” आईला घशाच्या विकारांची कल्पना नाही.

६ जानेवारी १९५७
परवानगी आली! धावत गेलो. युगेत म्हणाली, बिशपचं मन मानत असेल, माझं मानत नाही. तुझ्याकडे बघितलं की भाऊच दिसतो. ईस्टरपर्यंत काही विचारू नकोस म्हणाली.
यात आपलेपणा आहे. थोडा जास्त आहे, पण आहे.

३ फेब्रुवारी
युगेतने स्वतःहून काम दिलं होतं: नादो आणि लेसार यांचं कुठे नातं लागतं का ते बघ. रेआल तिच्या कुणा बहिणीला मागणी घालणार असेल. सगळ्या शाखा तपासल्या. कुठेही नातं नाही. आज स्वच्छ प्रत दिली. तिने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. पहिलंच.

१७ फेब्रुवारी
एक्झिल्दाआजीकडे गेलो. विचारायला नव्हे, कप्तानाची बातमी द्यायला. ती इतकी हसली की सिस्टर पाणी घेऊन आल्या. म्हणाली, “अरे गाढवा, इथे प्रत्येक पोराचा बाप्तिस्मा जोझेफ म्हणूनच होतो. तुझाही झालाय.” हाक मारायचं नाव निराळं. आमचे पणजोबा जोझेफ खरे, पण सगळे त्यांना मॅग्लुआर म्हणत. कप्तानाकडे घोडे राखायला होते. ओट्स चोरले म्हणून त्यांना हाकललं. कप्तानाचा मुलगा अमेरिकेतच वारला, लग्नाआधी.
जोझेफचं मला ठाऊक होतंच. फक्त त्या दिवशी आठवलं नाही.
पण नातं नाही! म्हणजे अडचण नाही, भाऊ नाही, काहीच नाही! आजीचं म्हणणं कागदावर उतरवून घेतलं, खाली तिचा अंगठा घेतला आणि बसने थेट लेसारांकडे. वाटेत वाक्यं पाठ केली.
स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं. रेआल नव्या सुटात. युगेतच्या बोटात अंगठी. लेसारांनी माझ्या हातात ग्लास दिला आणि म्हणाले, ये रे, घरच्या माणसासाठीच थांबलो होतो. युगेतने माझे दोन्ही हात धरले.
“तुझे उपकार कसे फेडू, फिलियास? तू ते शोधलं नसतंस तर आज मी तुझी बायको असते.”
सगळे माझ्याकडे बघत होते. कागद खिशात होता. पण घाईत लिहिल्यामुळे अक्षर वाईट आलं होतं. असा कागद चारचौघांत दाखवता येत नाही.

२७ एप्रिल, शनिवार
युगेतचं लग्न झालं. कारखान्यातले सगळे मागे उभे होते. मला नातेवाइकांत तिसऱ्या बाकावर जागा. जेवणालाही नातेवाइकांतच बसवलं.
मॉन्ट्रियलहून आलेल्या तिच्या आत्याने विचारलं, तू कोण रे? मी नीट समजावून सांगितलं. कप्तान, त्यांची पहिली बायको, अमेरिकेत गेलेला मुलगा, मग माझे बाबा, मग मी. कुठेही अडखळलो नाही. तिने हनुवटीपासून कपाळापर्यंत मला न्याहाळलं.
“तरीच,” ती म्हणाली. “नाक अगदी कप्तानाचं आहे.”
मी आभार मानले. मग तिला नीट दिसावं म्हणून जरा बाजूला वळून बसलो.