उभ्या गाडीचं पेट्रोल

मी, ऊर्हो कांगास, वय ७९, शाळेच्या बॉयलरवरून निवृत्त, राहणार डुलूथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही. काळजी तेवढी आहे, ती जन्माचीच. शिक्षण आठवीपर्यंत, तेव्हा चुकलं तर आशय धरावा.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी आइली हिची. मागच्या दाराची कडी थंडीत अडकते. दार उचलून ढकलावं, लाथ मारू नये.

२. पान्यांची पेटी माझी दिवंगत बायको लेम्पी हिचा भाऊ रेइनो याला. त्यातला अर्धा इंची पाना तसाही त्याचाच आहे.

३. निळी गाडी आइलीला. मात्र गाडीच्या खणातली वही रेइनोला द्यावी. आइली, रद्दी समजून टाकशील, याचीच मला धास्ती आहे.

गाडी रेइनोच्याच दुकानातली. काचेवरच्या सरकारी चिठ्ठीवर गॅलनला अठ्ठावीस मैल. माझ्या वहीत हिवाळ्यात एकवीस. मी गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "बहिणीच्या नवऱ्यालाच गंडवलंस?"

तो म्हणाला, "दाजी, चिठ्ठी मी छापत नाही. ॲक्सिलरेटरवर तुमचा पायच जड आहे."

त्यावरून लेम्पी असेपर्यंत नऊ वर्षं मी अबोला धरला. लेम्पीने एकदा विचारलं होतं, "ऊर्हो, उभी गाडीपण पीत असेल ना रे?"

"उभ्या गाडीला कितीसं लागतं? तू कॉफी बघ."

हिवाळ्यात रोज पहाटे, मी दाढी करत असताना, ती गाउनवर माझा कोट चढवून बाहेर जायची आणि गाडी सुरू करून ठेवायची. पंचवीस मिनिटं. मी उबदार सीटवर बसून सहा मैलांवरच्या शाळेत जायचो आणि वहीत रेइनोच्या नावाने बोटं मोडायचो.

ती गेली त्या हिवाळ्यात मी गार गाडीत बसून कामावर गेलो. पुढे पंपावर हिशेब केला. सव्वीस. पुन्हा केला. सव्वीसच. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, मला हलता येईना.

उरलेले दोन मैल माझ्या पायाचे धरावेत.

याला सात वर्षं झाली. फोन उचलतो, ठेवतो. रेइनो, चूक माझी होती.

४. माझ्या अंत्यविधीला रेइनोला आइलीने याच गाडीतून आणावं. थंडी असेल तर आधी पंचवीस मिनिटं गाडी सुरू ठेवावी. सीट उबदार झाल्याशिवाय त्याला बसवू नये. ते पेट्रोल वहीत मांडू नये.

सही: ऊर्हो कांगास
साक्षीदार: मार्लिस ब्रूअर, शेजारीण, डेल सॅवर्ड, पोस्टमन
डुलूथ, १४ जानेवारी २०२४